कांद्याची मुळं आणि कापलेला फोटो

निफाड, १९ जानेवारी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला, तेव्हा लिहायचंही मीच. तब्येतीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं, दोनदा, पेन्सिल घेऊन. त्याबद्दलच लिहिते.

“आई, तू शिकवायचीस ते केव्हाच जुनं झालं,” हे तुझं वाक्य दोन दिवस कानातून जाईना. आता कबूल करते. वर्गात मी सांगायचे, क्रोमोसोमची, म्हणजे गुणसूत्राची, एक चिमटलेली जागा सेंट्रोमिअरची आणि काहींना आणखी एक, सेकंडरी कन्स्ट्रिक्शन. तिथे रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांच्या, आरएनएची जनुकं असतात, तिथेच केंद्रकातला तो गडद ठिपका, न्यूक्लिओलस, तयार होतो. मॅक्लिंटॉकबाईंनी १९३४ मध्ये मक्याच्या सहाव्या क्रोमोसोमवर ती जागा दाखवली. इथवर ठीक. पुढे मी फळ्यावर लिहायचे, ‘जागा ठरलेली, त्यावरून क्रोमोसोम ओळखा.’ आणि तू लिहितेस की शूबर्ट आणि वोबुस या शास्त्रज्ञांनी १९८५ सालीच कांद्याच्या कुळात ही जागा उड्या मारते म्हणून दाखवलंय. मी नोकरीला लागले १९८८ ला. म्हणजे पहिल्याच दिवशी तीन वर्षं मागे, आणि तेही कांद्याच्या बाबतीत, निफाडात राहून! बाबा दिवसभर हसत होते.

तुला ते प्रॅक्टिकल आठवतं का? बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवायचे, चार दिवसांनी पांढरी मुळं. शाळा सुटली की तू येऊन मुळं मोजायचीस. क्रोमोसोम रंगवायला ॲसिटोकार्मिनचा थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर स्लाइड जरा शेकायची, वर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायची. तू एकदा इतकी दाबलीस की वरची काच फुटून अंगठ्यात गेली. रक्त भळाभळा, चांगलं लालभडक. तेव्हा तुझं हिमोग्लोबिन... नाही, राहू दे. पट्टी बांधून तू पुन्हा स्टुलावर चढलीस आणि सोळाच्या सोळा क्रोमोसोम मोजलेस. मी शिपाईमामांनाही बोलावून दाखवलं होतं.

तुझ्या प्रकरणात मला सगळ्यांत नवल वाटलं ते रायबोसोमच्या या जनुकांच्या शेकडो, कधी हजारो प्रतींचं. एकामागे एक रांगेत, आणि तरी जवळजवळ सारख्या. प्रत्येकीत वेगळी चूक साठत जायला हवी होती ना? तू इतकं अवघड लिहिलंस, पण मला लगेच कळलं, कारण मी मुलांची प्रॅक्टिकलची जर्नलं तपासली आहेत. साठ जर्नलांत ‘मायटोसिस’चं एकच चुकीचं स्पेलिंग निघालं की समजायचं, सगळ्यांनी एकाचीच वही उतरवली. तुझी जनुकंही तसंच करतात. एकमेकींशी जुळताना कधी रांग लांबते, कधी आखडते, कधी एकीचा मजकूर दुसरीवर उतरतो. मग एकच पाठ सगळीकडे पसरतो. तंबाखू दोन रानटी जातींच्या संकरातून झाला, दोन लाख वर्षंसुद्धा झाली नसतील, आणि एका पालकाच्या प्रती जवळपास पुसल्या गेल्या. पंधराव्या पानावर हे वाक्य फार घाईत गेलंय. थांब तिथे जरा.

आणि ते अमेरिकेतलं ट्रॅगोपोगॉन नावाचं रानफूल! युरोपातून गेलेल्या तीन जाती, त्यांच्या संकरातून दोन नव्या, १९५० मध्ये ओन्बे यांनी नोंदवलेल्या. शंभरेक वर्षांचं वय, आणि तेवढ्यातही एका पालकाच्या, डुबियसच्या, प्रती घटल्या. पण काम बहुतेक त्याच करतात. संख्येने कमी आणि आवाजाने मोठ्या. बाबा म्हणाले, “म्हणजे आपली आत्या.”

घाई फक्त लिहिण्यात नाही, मुक्ता. रात्री दहापर्यंत लॅबमध्ये, दुपारी ब्रेड, संध्याकाळी कॉफी. चक्कर येऊन पडेपर्यंत कळू नये? कळलं असेल तर सांगू नये? तेही दादाच्या तोंडून चुकून निसटावं? बाहेर बर्फ, जिना एकटीने उतरायचा, शेजारी कोण आहे तेही आम्हाला माहीत नाही. लोखंडी कढई सामानातून काढलीस ती वजनासाठी, आणि त्या जागी पुस्तकं भरलीस. मेंडेलच्या गावात लोक जेवत नाहीत का?

झालं. सुरू झाले मी. हे खोडत नाही, कारण पुन्हा लिहायचा कंटाळा येतो. रागावू नकोस. तू मोठी आहेस, मला ठाऊक आहे. तुझ्या वयाची असताना मीही आजीला काविळीचं कळवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र परत परत वाचली. मोहरीच्या कुळातल्या संकरांत एका पालकाची ही जनुकं पानांत गप्प असतात आणि फुलांत जागी होतात. गप्प केलेली, पण गेलेली नाहीत. मी बाबांना शेतातून हाक मारून बोलावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “आपल्या डोंगळ्यांतही असंच होतं का?” मी म्हटलं, आपला कांदा संकर नाही, दोन पालकांचा प्रश्नच नाही. ते म्हणाले, “तरी तिला विचार.” तेव्हा विचारते आहे. यंदा बियाण्यासाठी दोन गुंठे राखलेत.

अळिवाचे लाडू पाठवले आहेत, खजूरही. कढई पुढच्या पार्सलात, तिचं वजन मी करून ठेवलंय.

आणि तू दादाला पाठवलेला रिपोर्टचा फोटो मी पाहिला. खालची ओळ कापलेली आहे. स्लाइडचा फोटो तू अशी कड कापून कधी पाठवशील का? पूर्ण कागद पाठव. आकडा कितीही असो.

तुझी,
आई