घरपोच परिचर्येच्या ऑनलाइन नोंदणीबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केवळ नळी बदलण्यासाठी उचलून रुग्णालयात न्यावे लागू नये, म्हणून सिस्टरला घरी बोलावण्याची ऑनलाइन नोंदणी हवीच. पण सिस्टर घरातून निघण्याआधी तिच्या हातात काय माहिती असते, यावर सगळे अवलंबून आहे.

अर्जात नुसते ‘नळी बदलणे’ लिहून भागत नाही. लघवीची नळी असेल, तर ती आत टिकवून धरणारा फुगा भरायच्या तोंडावर नळीचा नंबर (जाडी) आणि फुग्यात किती मिली पाणी मावते ते छापलेले असते. त्याचा फोटो अर्जातच मागवा. नळी लॅटेक्सची की सिलिकॉनची आणि कधी घातली, हेही विचारा. सिलिकॉनची साधारण बारा आठवड्यांपर्यंत चालते, लॅटेक्सची बरीच आधी बदलावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? प्रोस्टेट वाढलेली आहे का? मागच्या वेळी रक्त आले होते का? यांपैकी एकालाही ‘हो’ उत्तर आले, तर रुग्णालयातल्या अनुभवी परिचारिकेने आधी फोनवर बोलावे आणि मगच भेट ठरावी. पहिली नळी घरी घालूच नये. कधी जुन्या नळीचा फुगा रिकामाच होत नाही. अशा वेळी ओढाताण केली तर मूत्रमार्गाला इजा होते. त्या क्षणी सिस्टरला फोन उचलणारा डॉक्टर हवा, तक्रार निवारण केंद्र नव्हे.

अन्न देण्यासाठी नाकातून पोटात घातलेल्या नळीचे तर आणखी नाजूक. हवा सोडून पोटात गुडगुड ऐकली म्हणजे नळी जागेवर आहे, असे धरू नका. आतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी, तितके आम्ल जास्त) ५.५ किंवा त्याखाली हवा. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे तो वर जातो; मग एक्स-रेशिवाय खात्री नाही आणि खात्री नसेल तर अन्न देता येत नाही.

म्हणून आमची मागणी अशी: डिस्चार्ज देतानाच रुग्णालयाने परिचर्येचा आराखडा लिहून जवळच्या आरोग्य केंद्राकडे पाठवावा. नेहमीच्या भेटी केंद्राच्या सिस्टरने घ्याव्यात आणि प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी रुग्णालयाला दिसावी. बेडसोर (पडून राहून होणारी जखम) वाढतोय हे फोटोवरून वेळेत कळले, तर उपचार घरीच बदलता येतात. सिस्टरचा प्रवासाचा वेळ कामात धरावा, नाहीतर भेटी उरकल्या जातात. वापरलेल्या सुया रुग्णाच्या घरच्या कचऱ्यात जाऊ नयेत. त्या जाड डब्यात टाकाव्यात आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करून केंद्रात परत जमा व्हावा.

अर्जाचा नमुना आणि आराखड्याचा तक्ता तयार करायला आम्ही आपल्या विभागासोबत बसायला तयार आहोत.

आपले,
घरपोच परिचर्येत काम करणारे परिचारिका व परिचारक