रिफर्बिश्ड लॅपटॉप खराब निघाला तर आधी स्क्रू उघडू नका

संपादक महाशय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक विद्यार्थी ऑनलाइन रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले लॅपटॉप मागवतात. तो खराब निघाला की पालक तडक जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात आणतात. ही घाई महागात पडते. मागचे झाकण उघडले, सील तुटले की विक्रेत्याला वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते. परतीची मुदतही थोड्याच दिवसांची असते आणि ती दुरुस्तीच्या फेऱ्यांत निघून जाते.

पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून लॅपटॉप सुरू होईपर्यंत न थांबवता एकच व्हिडिओ काढा. खालच्या स्टिकरवरचा, बायोसमधला (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळतो का पाहा. बिलावर नंबरच नसेल तर तो लेखी मागून घ्या, नाहीतर पुढे 'हा आमचा लॅपटॉप नव्हेच' असे उत्तर येऊ शकते.

यातले बरेच लॅपटॉप मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले असतात. त्यामुळे सर्वांत त्रासदायक दोष, म्हणजे जुन्या कंपनीचे कुलूप, पहिल्या दिवशी दिसतच नाही. म्हणून इंटरनेट जोडून विंडोज एकदा पूर्ण रिसेट करा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिथला लॉगिन मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कितीही फॉरमॅट मारले तरी हे कुलूप परत येते. ते सहसा ती कंपनीच काढू शकते. असा लॅपटॉप दुरुस्त करत बसू नका, परतच करा. बायोसला पासवर्ड असेल तरीही तेच.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला लिहून आज्ञा द्यायची खिडकी) powercfg /batteryreport असे टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता ५०,००० आणि आताची २८,००० दिसली, तर बॅटरी ५६ टक्केच उरली आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलेली असते. चार्जिंग लगेच बंद करा, दाबू नका. अर्ध्या तासाच्या कामात पंखा घोंघावून लॅपटॉप मंदावत असेल तर बहुधा प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असते किंवा आत धूळ साचलेली असते. एसएसडीची (माहिती साठवणारी डिस्क) प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते.

जाहिरातीत प्रोसेसरचे नाव म्हणून नुसते 'आय फाइव्ह' लिहिलेले असेल तर तो कितव्या पिढीचा ते विचारा. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळपास सर्व प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

दोष सापडला की फोनवर वाद घालू नका. स्क्रीनशॉट जोडून वेबसाइटवरच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचे असते. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते, कन्नडमध्येही. विक्रेता दिल्लीचा असला म्हणून दिल्ली गाठावी लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे आपल्यासाठी बेळगावातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

विक्रेत्यांनी बॅटरीची उरलेली क्षमता आणि प्रोसेसरची पिढी जाहिरातीतच छापायला हवी. ते होईपर्यंत पालकांनी पैसे भरण्याआधी या दोन्ही गोष्टी चॅटवर लेखी विचाराव्यात. जो उत्तर टाळतो त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नये.

— लॅपटॉप दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, बेळगाव