प्रेरणा सिन्नरलाही मिळते
परवाच्या अंकात आर्किटेक्चरच्या मुलांच्या प्रदर्शनाची बातमी वाचली, कौतुक आहेच, पण फोटोतली मॉडेलं बघून वाटलं की प्रेरणा घ्यायला सगळे दुबईलाच का जातात. आपल्या नाशिकच्या पांडवलेणीत 24 लेणी आहेत, त्यातल्या 18 नंबरच्या चैत्यगृहाचा (म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचा) दर्शनी भाग बघा, लाकडी बांधकामाची नक्कल चक्क दगडात कोरलीय. आणि सिन्नरचं गोंदेश्वर, एकाच चौथऱ्यावर मधे मोठं देऊळ नि चार कोपऱ्यांना चार छोटी, तासाभरात पोचतो माणूस. मुलांना टेप आणि स्केचबुक देऊन दोन दिवस तिथंच बसवा (डबा घरून न्यावा!), मोजमापं घेऊ देत. पुढचं प्रदर्शन जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याच्या चौकात भरवा, एसी हॉलचं भाडंही वाचेल.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक