माजी सैनिकांसाठी एक प्रश्न वाढवा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात नोकरी-धंद्याच्या सरकारी सर्व्हेच्या ताई आल्या होत्या. अण्णा नाईट ड्युटी करून नुकतेच झोपलेले, म्हणून आईच ओसरीवर बसून उत्तरं देत होती. वय ५२, शिक्षण दहावी, काम सिक्युरिटी गार्डचं, पगारी. मग आईने आपणहून सांगितलं की ते १७ वर्षं मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले, तर ताई म्हणाल्या, "काकू, ते भरायला इथं जागाच नाही हो." त्यांची काही चूक नाही, टॅबमध्ये प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे दरवर्षी साधारण ३५ लाख घरांना जातो, त्यात कधी सैन्यात होता का, कोणत्या काळात, सर्व्हिसमुळे अपंगत्व आलंय का, असं विचारतात आणि नाव-पत्ता काढून तो डेटा कुणालाही फुकट मिळतो. इंग्लंड-वेल्समध्ये रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मागणी लावून धरली तेव्हा २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदा हा प्रश्न आला आणि १८.५ लाख माजी सैनिक निघाले, म्हणजे १६ वर्षांवरच्या लोकांत ३.८ टक्के.

आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदी असतात, पेन्शनच्याही असतात, मान्य आहे. पण त्या यादीत शेजारचा माणूस नसतो ना! त्याच वयाचा, तेवढंच शिकलेला, पण फौजेत न गेलेला माणूस आज काय कमावतो, त्याच्याशी अण्णांची तुलना करायची तर दोघं एकाच सर्व्हेत पाहिजेत. एका जिल्ह्यात एका वर्षी थोडेच माजी सैनिक सापडतील हे खरंय, पण चार-पाच वर्षांचा डेटा एकत्र केला की काम होतं, अमेरिकेतही पाच वर्षांचा एकत्र डेटा देतातच.

आणि चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेल्या अग्निवीरांचं काय? २०२२ च्या योजनेतली पहिली पोरं २०२६ च्या शेवटापासून घरी यायला लागणार, त्यांना पेन्शन नाही, म्हणजे पेन्शनच्या नोंदीतही ती दिसणार नाहीत. ही तरुण पोरं पुढे कुठं लागली, किती बेकार राहिली, हे कळणार कसं?

फेब्रुवारी २०२७ च्या जनगणनेत जमलं तर उत्तमच, नाहीतर दरवर्षीच्या रोजगार सर्व्हेत तरी "सैन्यात नोकरी केली आहे का, किती वर्षं" एवढं विचारा. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खासदारांनी हे लावून धरावं ही कळकळीची विनंती.

एका हवालदाराची मुलगी, जि. सातारा