मंत्रिमहोदय, जॉब कार्डची (गॅरेजमधल्या कामाच्या नोंदपत्राची) प्रत गाडीमालकाच्या हातात पडू द्या

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : सर्व्हिसिंगमध्ये झालेले गाडीचे नुकसान, भरपाई आणि पुरावा

महोदय,

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी बिघडून परत आली तर भरपाई मागण्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या पुरेशी ऐसपैस आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ तर सरळ सांगते, की विश्वासाने ताब्यात दिलेल्या वस्तूची काळजी साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यायची. माल ताब्यात असताना बिघडला तर ती काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारीही ताबा घेणाऱ्यावर येते. घोडे अडते ते पुराव्यापाशी. गाडी लिफ्टवर असताना मालक बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि आत काय झाले याची एकही नोंद त्याच्या हाती येत नाही.

ऑइल बदलण्याचे अगदी साधे काम घ्या. इंजिनखालचा ऑइल पॅन बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि ड्रेन प्लग, म्हणजे जुने ऑइल काढायचे बूच, पोलादाचा. अनेक लहान गाड्यांत तो ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, तोही टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने, मोजून. घाईत तो एअर गनने किंवा लांब पान्याने ‘अजून जरा’ करत आवळला जातो आणि पॅनचे आटे जातात. प्लग बसल्यासारखा दिसतो, वॉशर जुनाच राहतो, गाडी ठणठणीत घरी जाते. मग थेंब थेंब गळती सुरू होते. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत पातळी घटल्याचा नसतो, दाब पडल्याचा असतो. तो लागेपर्यंत बेअरिंगवरचा ऑइलचा थर गेलेला असतो, आणि त्यापुढे गाडी चालवली की इंजिन जाम.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे ‘खालून दगड लागला असेल’. दगड लागला असेल तर पॅनला बाहेरून ठोकर, ओरखडा किंवा तडा दिसतो. जास्त आवळल्याने आटे गेले असतील तर प्लगच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत चुरा अडकलेला सापडतो. तो प्लग कुणी फडक्याने पुसून नवा लावला, की तक्रार तिथेच संपली. ऑइल फिल्टरचेही तसेच. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते, तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो आणि दोन रिंगांमधून दाबाने ऑइल उडते. ती दुसरी रिंग हाच पुरावा, आणि ती खिशात मावते.

बाकीच्या चुकाही ओळखीच्या आहेत. ब्रेक फ्लुइडच्या जागी खनिज तेल पडले की रबरी सील फुगतात. मग नुसते फ्लुइड बदलून भागत नाही, तेल पोहोचले तिथले सगळे रबरी भाग बदलावे लागतात. बॅटरीच्या तारा उलट लागल्या तर अल्टरनेटरचे डायोड जातात. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतले तर कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि चेक इंजिनचा दिवा चार दिवसांनी लागतो. जॅक ठरल्या जागेऐवजी कडेला लावला की दाराखालची पट्टी चेपते.

नुकसान लक्षात येताच मालकाने इंजिन पुन्हा सुरू करू नये. ओडोमीटर, जळते दिवे, गळतीची जागा आणि जमिनीवरचा डाग यांचे फोटो काढून गॅरेजला त्याच दिवशी लेखी कळवावे. फोनवरची बाचाबाची पुढे कुणी मोजत नाही. ‘आणा इकडे, फुकटात करून देतो’ हे ऐकायला गोड असते, पण इंजिन त्याच हातांनी उघडले की पुरावाही त्याच हातांत जातो. तरीही तिथेच करून घ्यायचे असेल तर काय बदलले ते लिहून घ्यावे आणि काढलेले भाग मागून घ्यावेत. बिलापोटी गाडी अडवून धरली तर हरकत लेखी नोंदवून पैसे भरावेत आणि गाडी सोडवावी, कारण दुरुस्तीच्या मजुरीपुरता माल अडवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजला दिला आहे.

यानंतर स्वतंत्र ऑटोमोबाइल अभियंत्याचा किंवा परवानाधारक मोटार सर्व्हेअरचा अहवाल घ्यावा. तपासणीची तारीख गॅरेजला आधी लेखी कळवावी, आले नाहीत तरी व्हिडिओ काढून काम उरकावे. ‘इंजिन सीझ’ एवढाच शेरा कुचकामी. ते कशामुळे झाले हे अहवालात हवे.

‘तुमच्या विम्यातून करून टाकू’ या सल्ल्यापासून मालकाने दूरच राहावे. क्लेम घेतला की ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकने गाडी ठोकली आणि फॉर्मवर चालक म्हणून मालकाचे नाव लिहिले, तर ते विमा कंपनीला दिलेले खोटे निवेदन ठरते.

आता ग्राहक तक्रार निवारण आयोगाविषयी. जिल्हा आयोगाची मर्यादा आणि शुल्क ठरते ते सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मालक राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही तक्रार दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बरीच प्रकरणे त्याआधीच मिटू शकतात. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही ग्राहकच आहे, हे मात्र अनेक टॅक्सीवाल्यांना कुणी सांगितलेले नसते.

कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, गाडी उभी राहते, बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात. मालक कंटाळून गाडी दुरुस्त करून घेतो, आणि दुरुस्तीबरोबर पुरावाही पुसला जातो.

जॉब कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते. हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले, की अशा ओळीआड लपून स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. तरी ती ओळ छापली जाते, कारण वाचणारा घाबरतो.

म्हणून मागणी एका कागदाची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये उपाहारगृहांच्या सेवा शुल्काबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहक संरक्षण कायद्याच्या त्याच कलम १८ च्या अधिकारात गॅरेजसाठी काढावीत. गाडी घेताना चारही बाजूंचे वेळेसह फोटो, ओडोमीटर, इंधन, किल्ली फिरवल्यावर जळणारे दिवे आणि आधीचे ओरखडे जॉब कार्डावर यावेत आणि त्याची प्रत तिथल्या तिथे मालकाच्या मोबाइलवर जावी. गाडी देताना बदललेल्या भागांचे क्रमांक, ड्रेन प्लग व चाकांच्या नटांचा टॉर्क, टेस्ट ड्राइव्ह कुणी आणि किती किलोमीटर केली ते लिहावे. जुने भाग पिशवीत घालून मालकाला द्यावेत. जोखमीची ती ओळ छापणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवावी.

लहान गॅरेजला हे झेपणार नाही, असे आपल्याला सांगितले जाईल. मोबाइलवर आठ फोटो काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शिवाय वर्षभर ऑइल पिणारे इंजिन सर्व्हिसिंगनंतर गॅरेजच्या गळ्यात मारणारे मालकही आहेत. त्यांच्यापासून प्रामाणिक मेकॅनिकला वाचवील तोही हाच कागद. नमुना एका पानाचा असावा, मराठीसह सगळ्या राज्यभाषांत असावा आणि तो न देणाऱ्या गॅरेजची तक्रार थेट १९१५ वर नोंदवता यावी.

आपले,
वाहनदुरुस्ती आणि ग्राहक तक्रारींचे काम करणारे काही जण