सगळ्यालाच ‘स्थगिती’ नको

संपादक महाशय,

इंग्रजी मजकुरात ‘स्टॉप’च्या कुळातले कोणतेही क्रियापद आले, की मराठी बातमीत ‘स्थगित’ नाहीतर ‘थांबवले’ हे ठरलेलेच. भाषांतर करताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात: थांबलेले पुन्हा सुरू होऊ शकते का, आणि ते सुरू करायचे कोणी?

विधिमंडळाचेच घ्या. ‘अ‍ॅडजर्न’ म्हणजे बैठक तहकूब. तो अधिकार अध्यक्ष-सभापतींचा. ‘प्रोरोग’ म्हणजे सत्रसमाप्ती, अधिवेशन संस्थगित होणे. ती राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ नुसार राज्यपाल करतात. ‘डिझॉल्व्ह’ म्हणजे विसर्जन. सत्रसमाप्तीने प्रलंबित विधेयक बाद होत नाही, पण विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढचे विधेयक बाद होते. ‘संस्थगित’मधला ‘सं’ मथळ्यात गळला, की वाचकाला वाटते कामकाज तासाभराने पुन्हा सुरू होईल.

न्यायालयाच्या बातम्यांत घोळ जास्त. ‘स्टे’ला स्थगिती बरोबरच आहे. पण ‘इंजंक्शन’ म्हणजे मनाई हुकूम, ‘स्टेटस को’ म्हणजे ‘जैसे थे’ आणि ‘क्वॅश’ म्हणजे रद्दबातल. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात स्थगिती आणि रद्दबातल यांतला फरक नीट उलगडला आहे. आदेश रद्द झाला, तर तो निघण्यापूर्वीची स्थिती परत येते. स्थगिती मिळाली, तर तिच्या तारखेपासून त्याचा अंमल तेवढा थांबतो. आदेश पुसला जात नाही. एखाद्या बडतर्फीला नुसती स्थगिती मिळाली असताना ‘बडतर्फी रद्द’ असे छापणे म्हणूनच चूक.

‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’चे ‘हृदयविकाराचा झटका’ तर सर्रास होते. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते असे सांगतो. अरेस्टमध्ये हृदयाचे रक्त ढकलणेच बंद पडते, माणूस काही सेकंदांत कोसळतो, श्वास थांबतो किंवा नुसते आचके येतात. तिथे रुग्णवाहिका बोलावून लगेच छाती दाबायला घ्यावी लागते: मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. तेव्हा ‘हृदयक्रिया बंद पडली’ असेच लिहावे.

गंमत म्हणजे पोलिसांचा ‘अरेस्ट’ मुळात थांबवणेच, आणि आपली ‘अटक’सुद्धा अडवण्यातूनच आलेली. रोखणे या अर्थाचा ‘चेक’ तर फारसी ‘शाह’वरून बुद्धिबळामार्गे इंग्रजीत गेला, आपला ‘शह’ त्याचाच भाऊबंद. ‘चेकमेट’ला शहमात असताना ‘चेकमेट केले’ कशाला?

विमानाच्या ‘स्टॉल’ला मात्र थांबणे म्हणूच नये. त्यात इंजिन चालू असू शकते. पंख हवेच्या प्रवाहाशी ठरावीक कोनापेक्षा जास्त उचलला गेला, की वरचा प्रवाह पंखाच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि विमानाला वर धरणारी उचल एकदम घटते. बऱ्याच पंखांच्या बाबतीत हा कोन १५ अंशांच्या आसपास असतो. वैमानिक सावरताना आधी नाक खाली करतो ते हा कोन कमी करण्यासाठी. मोटारीचा ‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे. तोच अर्थ इथे लावला, की ‘हवेत इंजिन बंद पडले’ अशी न घडलेली बातमी तयार होते.

– एक भाषांतरकार, पुणे