सुनंदास, मॅगसल्फविषयी

कोल्हापूर

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुझ्या पत्राला उत्तर दिलेले नाही आणि त्याची सबब माझ्याजवळ नाही. आज लिहायला बसले, कारण परवाच्या तोंडी परीक्षेत जे घडले ते सांगण्यासारखे दुसरे माणूस मला इथे सापडत नाही. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला एक अबोल मुलगी आहे. गेल्या महिन्यात तिची लेबर रूमला रात्रपाळी होती. झटके येऊन गेलेली एक बाळंतीण मॅग्नेशियम सल्फेटवर, म्हणजे झटके थांबवणाऱ्या आपल्या मॅगसल्फवर, होती आणि दर चार तासांनी द्यायचे ५ ग्रॅमचे इंजेक्शन भरण्याची वेळ झाली होती. आपल्याकडच्या ५० टक्क्यांच्या, २ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असते, म्हणजे पाच ॲम्प्यूल फोडायच्या. सिस्टरांनी सांगितल्यावर या मुलीने ट्रे लावला. मात्र ॲम्प्यूल फोडण्याआधी ती हॅमर घेऊन बाईच्या गुडघ्याशी गेली. ठोकून पाहिले तरी दोन्ही पाय हलले नाहीत. मग तिने पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ते १६ भरले. युरोबॅग पाहिली, तर लघवी ताशी ३० मिलिलिटरही होत नव्हती. "सिस्टर, हा डोस आत्ता देता येणार नाही, डॉक्टरांना बोलवा," असे ती म्हणाली, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ट्रेमध्ये ठेवले. ते वापरावे लागले नाही. डॉक्टरांनी डोस थांबवला, पहाटेपर्यंत लघवी सुधारली आणि बाई सुखरूप घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, आधी गुडघाच का पाहिलास? ती म्हणाली, "मॅडम, हे औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवते, त्यानेच झटके थांबतात, म्हणून मी आधी स्नायूच बघणार. गुडघा आधी गप्प होतो, श्वासाचा स्नायू नंतर. आणि औषध बाहेर पडते लघवीवाटे, ती कमी झाली की ते आतच साचणार." झटके थांबतात ते मुख्यतः मेंदूवरच्या परिणामामुळे, एवढी दुरुस्ती मी केली, बाकी सारे बरोबर होते.

आता परवाचे ऐक. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला मॅग्नेशियम सल्फेटचे सहा दुष्परिणाम विचारले. तिने दोन सांगितले आणि गप्प बसली. तिच्यानंतर आलेल्या मुलीने मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी, घाम आणि अंगाची आग असे सहा एका दमात मोजून दाखवले आणि भरघोस गुण नेले. तुला ठाऊकच आहे की पहिले चार शब्द कोणत्याही औषधाखाली लिहिले तरी अर्धे गुण मिळतात. आपल्या वर्गात कुणीतरी ते ऑक्सिजनच्या खालीही लिहिले होते, आणि ती कोण होती हे मी या पत्रात लिहीत नाही!

माझी चिंता एकच आहे. औषधाचे कार्य एका पानावर आणि दुष्परिणाम दुसऱ्या पानावर असे शिकवल्यामुळे मुलींना त्या दोन निरनिराळ्या गोष्टी वाटतात, आणि पुष्कळदा तो एकच परिणाम नको त्या जागी झालेला असतो. साल्ब्युटामॉल श्वासनलिका सैल करते, आणि त्याच जातीची ग्राहके, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करते त्या जागा, स्नायूंत व हृदयातही असल्यामुळे हात थरथरतात, छाती धडधडते. मॉर्फिनने वेदना शमते, श्वास मंदावतो आणि शौचाला होत नाही, हे तिन्ही मुळात एकाच ग्राहकाचे काम. हे कळलेली मुलगी यादी विसरली तरी रुग्णाजवळ उभी राहून ती पुन्हा मांडू शकते. अर्थात सगळेच असे उलगडत नाही. पेनिसिलिनच्या ॲलर्जीला हा हिशेब लागू पडत नाही, तिथे विचारून आणि नोंदवूनच भागते.

इथे तू म्हणणार, "पाठ केलेलेच रात्री तीन वाजता आठवते." हॉस्टेलच्या गच्चीवर यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. तुझे अर्धे म्हणणे मी आज मान्य करते: डोसाआधीच्या त्या तीन अटी, गुडघा, श्वास, लघवी, तिला तोंडपाठ होत्याच. उरलेले अर्धे मान्य करणार नाही.

पुढच्या सत्रापासून अंतर्गत तोंडी परीक्षेत यादी न विचारता मुलीच्या हातात ॲम्प्यूल आणि केस शीट द्यावी आणि "देशील का, आणि देण्याआधी काय पाहशील?" एवढेच विचारावे, असे मनात आहे. सहकारी म्हणतात की असे गुण कागदावर मांडता येत नाहीत. शिवाय विद्यापीठाचा पेपर जुन्याच धाटणीचा राहणार, मग माझ्या हट्टापायी मुलींचे नुकसान तर होणार नाही ना? त्या मुलीला मी काय सांगू, यादी पाठ कर म्हणून? काल तेच सांगितले, आणि रात्रभर चुटपुट लागून राहिली.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिपळूण मिळाले तर बरे होईल. चिन्मयीच्या बारावीच्या निकालाबद्दल अभिनंदन. नर्सिंगला घालणार असलीस तर आधी मला फोन कर. भावोजींना नमस्कार.

तुमच्या ग्रामीण रुग्णालयात नव्या मुलींसाठी तू लिहिलेले पंधरा औषधांचे तक्ते मला पाठव. मी त्यांत दोष काढणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
मंगल